कोरडी धार आणि ओल्या दाढीची बकरी

डोंगरावरून गवत आणणाऱ्या बायका एका जागी बसल्या की किश्शांना तोटा नसतो. गवताच्या भाऱ्यासारखंच असतं ते. एक काडी ओढायला जावं तर दहा हातात येतात! मी सांगतेय, नात लिहितेय. ती मधेच हसत बसते, म्हणून एवढं लिहायला तिसरा दिवस लागला.

तर एक होता डोंगर. सातपुड्याचाच, यावलच्या वरच्या अंगाला. त्याच्या पायथ्याशी बारा घरं, आणि त्यातल्या एका घरात एक सासू, एक मुलगा, एक सून आणि एक बकरी. सासू म्हणजे जिजी. मुलगा म्हणजे आमचे हे. सून मी. बकरीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव टिकली. आणि शेजारी जनाक्का. ती माहेरची धुळ्याकडची. बारा वर्षं आमच्यात राहून तिची अहिराणी काही सुटली नव्हती.

डोंगराच्या कड्यावरून एक धार पडायची, बारा महिने. खाली शेंदूर लावलेला दगड, ती धारआई. धारेच्या वर कुणी चढायचं नाही, असा गावाचा नियम. का? तर आईच्या डोक्यावर पाय पडतो! तसंही त्या कड्यावर एवढं शेवाळ की माकडंसुद्धा वळसा घालून जायची.

बहात्तरच्या साली ती धार आटली. त्या वर्षी डोंगर जसा वागला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

०००

लोकांना वाटतं ओला डोंगर घसरतो. अहो, सुका त्याहून घसरतो! गवत वाळून चकचकीत होतं, आणि त्यावर पाय ठेवला की तेलावर ठेवल्यासारखा. जिजी उंबऱ्यात बसून रोज सांगायची, "उतरताना नाकासमोर उतरू नका, आडव्या चाला. टाच आधी टेकवू नका."

जिजीचे गुडघे गेलेले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती डोंगर चढलेली मी पाहिली नव्हती. मग हिला टाचांचं काय कळतं, असं आम्हाला वाटायचं.

एकदा जनाक्का भारा घेऊन उभ्या उतारावर नाकासमोर निघाली. टाच सुटली. भारा खाली आला, त्यावर जनाक्का बसली, आणि भारा जो सुटला तो बोरी, करवंदी, दगड चुकवत थेट आमच्या अंगणाशी येऊन थांबला! आम्ही वरून बोंबलत धावलो. अर्ध्या घटकेनं पोचून पाहतो तर ही बाई डोक्यातल्या काड्या वेचत बसलेली.

"लागलं का गं?"

"माले काय व्हयनं? मी मुद्दाम घसरत उनू. चहा ठेवाना व्हता!"

०००

त्याच हिवाळ्यात जळगावच्या कॉलेजातली चार मुलं आणि त्यांचे एक सर डोंगर चढायला आले. आम्हाला नवलच! गवत नाही, लाकूड नाही, डिंक नाही, नुसतं वर जाऊन खाली यायचं? त्यासाठी जाड बूट, दोर, लोखंडी खिळे, हातोडी!

त्यांना धारेशेजारचा सुळका चढायचा होता. सरांनी मुलांना उभं करून शिकवलं, "दोन हात, दोन पाय. चारांतले तीन कायम दगडावर. एका वेळी एकच हलवायचा!"

जिजी उंबऱ्यातून म्हणाली, "आणि तोंड?"

"तोंडाचं काय, आजी?"

"ते मिटायचं. घसा सुकतो."

सरांनी कपारीत खिळा ठोकला, दोर ओढून पाहिला, तर खिळा, दोर आणि टोपलीएवढा दगड, तिन्ही सरांच्या पायाशी! माती सुकून पार भुगा झाली होती, दगडाला धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. डोंगर वाळल्या भाकरीसारखा तुटत होता.

सर घाम पुसत आले. "आजी, तुमची बायामाणसं चढतात कशी?"

"सूर्य वर यायच्या आत. मग दगडाचा तवा होतो. आणि इथं डावं अंग धरायचं. उजवीकडचा दगड खोटा आहे."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही गेला होतात?"

जिजीनं लुगडं जरा वर करून गुडघे दाखवले. "हे घेऊन?" आणि मिसरी काढली. जिजीची मिसरी एका पितळी झाकणात असायची, वरून चिंधी बांधलेली. नुसतं झाकण! डबी कुठंय विचारलं की म्हणायची, "हरवली. तू यायच्या आधीच्या एका दुष्काळात."

जाताना सरांनी बाटलीतलं उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन आमच्या टिकलीपुढं धरलं. बिचाऱ्यांना वाटलं मुकं जनावर तहानलेलं असेल. टिकलीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्या साली अख्ख्या तालुक्यात पाण्याला नाही म्हणणारा तेवढा एकच जीव असेल! पण तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

०००

आता मधेच जरा जड गोष्ट सांगते.

गावची विहीर तळाला गेली होती. हंडाभर पाण्याला दोन कोस जायचं, आणि तिथंही नंबर लावून बसायचं. यांचा चुलतभाऊ धुळ्याला मिलमध्ये होता. त्याचा निरोप आला, या इकडे, काम आहे. हे एक दिवस यावलच्या बाजारात गेले आणि कुलूप घेऊन आले. आमच्या दाराला तोवर कडीच होती, कुलूप कधी लागलेलं नव्हतं.

"होळीपर्यंत वाट बघू," हे म्हणाले. "पाण्याची सोय झाली तर ठीक. नाहीतर होळीच्या दुसऱ्या दिवशी दार बंद."

जिजीनं कुलूप हातात घेऊन उलटंपालटं केलं. "घरात दाणा नाही, पाणी नाही. चोर येऊन काय नेईल? कुणाला अडवायला आणलंस हे?"

यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "आपल्यालाच. परत यावंसं वाटू नये म्हणून."

जिजीनं कुलूप खुंटीला अडकवलं. त्या रात्री ती जेवली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून टिकलीकडे सारखं टक लावून बघायला लागली. जनाक्कालाही बोलावून म्हणाली, "अगं, बघ तरी या बकरीकडे. नीट बघ!"

०००

जनाक्कानं बघितलं, आणि इथंच सगळा घोटाळा झाला!

संध्याकाळी टिकली डोंगरावरून आली. दाढी ओली. थेंब गळतोय! खुरांना चिखल. तीन गावांत चिखल औषधाला मिळत नव्हता, आणि हिच्या चारही पायांना चिखल!

जनाक्का ओरडली, "वं माय! ही बकरी नही, देवी शे!"

झालं. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर कुंकू चढलं. गळ्यात झेंडूची माळ आली, ती टिकलीनं खाल्ली. दुसरी आली, तीही खाल्ली. लोक म्हणाले, देवीनं नैवेद्य स्वीकारला! शेजारच्या गावाहून माणसं यायला लागली. पाऊस कधी पडेल, म्हशीला काय होईल, पोरीचं जमेल का, सगळं टिकलीला विचारायचे. ती म्यां म्हणाली की हो, गप्प राहिली की थांबा!

आता देवी रानात कशी सोडायची? वाघरू उचलून नेईल! म्हणून तिला आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला चांगलं दुहेरी दावं लावून बांधली.

दुसऱ्या दिवशी दाढी कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी. चौथ्या दिवशी कुणीतरी दोन कोसांवरून आणून देवीच्या पायावर घालायला ठेवलेली कळशी टिकलीनं एका दमात रिकामी केली.

बाया रडायला लागल्या. "देवी कोपली! आपल्या हातून काय चुकलं?"

जिजी उंबऱ्यातून म्हणाली, "देवीला दावं कोण बांधतं गं?"

तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. म्हातारी माणसं बोलतच असतात!

०००

होळीला पाच दिवस उरले. पहाटे जिजीनं मला हलवलं.

"ऊठ. गवताला जा. आणि त्या देवीला सोड आधी. चार दिवस एका जागी हगतेय, अंगण घाण झालंय."

मी दावं सोडलं. टिकलीनं एकदा अंग झाडलं आणि निघाली. सरळ धारआईकडे. ती दगडाला वळसा घालून आटलेल्या धारेच्या कड्यावर चढायला लागली!

मी धारआईपुढे उभी राहिले. वर जावं तर आईच्या डोक्यावर पाय. खाली राहावं तर खुंटीवरचं कुलूप. हात जोडले, कासोटा खोचला आणि निघाले.

काय सांगू तुम्हाला! शेवाळ वाळून त्याचे काळे पापुद्रे झालेले, हात लावला की पापडासारखे निघायचे. खालचा दगड पाण्यानं घासून घासून गुळगुळीत, बोट रुतेल तर शपथ! मधोमध पोचले आणि उजवा हात एका दगडाला घातला. दगड हलला, सुटला, खाली गेला. तो पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागला! मी तशीच चिकटून राहिले. तेव्हा सरांचं आठवलं. चारांतले तीन दगडावर. मग जिजीचं आठवलं. डावं अंग धर. आणि तोंड मीट.

डाव्या अंगाला खरंच एक चीर होती. खालून दिसत नाही. बोटं नीट बसतात तिच्यात. चीर धरत धरत वर पोचले.

वर कपारीखाली गारवा होता, आणि हिरवंगार नेचं. कातळातून बोटाएवढी धार कुंडात पडत होती, आणि कुंडाच्या फुटक्या काठातून आतल्या आतच कुठंतरी मुरून जात होती. टिकली कुंडात तोंड घालून उभी! मीही तिच्या शेजारी ओणवी झाले आणि तिच्यासारखीच प्याले.

मग उठताना कुंडाच्या काठाला, नेच्याखाली, काहीतरी हाताला लागलं. ते मी कमरेला खोचलं.

०००

गावात सांगितलं तेव्हा पाण्याचा आनंद राहिला बाजूला, जनाक्का आधी अंगावर आली. "तू आईना डोकावर पाय दिना?"

सगळ्या बायांनी डोळे वटारले. हे खाली बघत होते.

जिजी उठून उभी राहिली. "बकरीनं दिला तेव्हा कुंकू लावलंत. सुनेनं दिला तर डोळे वटारता? तशी दावं दोघींनाही लावता की तुम्ही!"

वरच्या आदिवासी पाड्यावरचे एक पावरा बाबा आले, त्यांनी लांब बांबू फाडून पन्हळी केल्या. चीर धरून दोर नेला, कड्यावरून पन्हळ खाली सोडली. होळीच्या आदल्या दिवशी पाणी खाली आलं. बोटाएवढंच, पण दिवसरात्र. जनाक्कानं पहिली कळशी धारआईवर ओतली, दुसरी टिकलीपुढं ठेवली. टिकलीनं तोंड फिरवलं!

त्या संध्याकाळी मी कमरेची वस्तू काढून जिजीपुढं ठेवली. पितळी डबी. हिरवी पडलेली, एका बाजूला चेपलेली, झाकण नसलेली.

जिजीनं आपलं झाकण काढलं, चिंधी सोडली आणि डबीवर दाबलं. टच्चकन बसलं.

"ही वर कशी गेली, जिजी?"

"बकरीनं नेली असेल."

"टिकली तीन वर्षांची आहे. आणि बकरी कधी मिसरी लावते?"

"तुझ्या माहेरची नसेल लावत."

हे दारात उभे होते. कधी आईकडे बघत, कधी डबीकडे. जिजीनं खुंटीवरचं कुलूप काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"हे आता दाराला लागायचं नाही. माझ्या पेटीला लाव. डबी आत ठेवते. या बकऱ्यांचा काही भरवसा नाही!"