वाऱ्यानं माझं ऐकलं नाही

माझे धनी जिवंत असताना सासरची माणसं पळसाच्या पानांचा पुतळा बांधून त्यांना अग्नी द्यायला निघाली, तेव्हा वाशीमच्या बालाजीवरचा माझा विश्वासच उडाला. मळ्याची विहीर आटल्यावर धनी मुंबईला गेले आणि गलबतावर खलाशी झाले. दोन वर्षं निरोप नव्हता. मग गोदीतून परतलेल्या एका गाववाल्यानं सांगितलं, तापानं फणफणलेल्या त्यांना देवगडला उतरवलं. एवढ्यावर घरच्यांनी त्यांना मारूनच टाकलं. आजारी माणसाला बघायला कुणी जाईना, सुतक धरायला मात्र सगळे तयार! धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, कुकू पुसून टाका. कायले हट्ट करून राह्यल्या?" माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "मेले का जिते, ते मी माह्या डोयानं पाहीन. तवर पुतळ्याले काडी लावाल तर खबरदार!"

माहेरच्या मामांनी मला मुंबईच्या धक्क्यापर्यंत आणलं, पण एवढं पाणी पाहून त्यांचं अवसान गळालं. मीही तळ्यापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं. कोकणात निघालेल्या एका कुटुंबाच्या सोबतीनं मी गलबतावर चढले. वाटेत वादळ उठलं. लाटा आत येऊ लागल्या, तशी बायकाही पाणी उपसायला लागल्या. हातांची सालटी निघेपर्यंत मी उपसत होते आणि देवाला शिव्यांची लाखोली वाहत होते. गलबत हाकणारा तांडेल म्हणाला, देवगड आता विसरा, मिळेल त्या खाडीत शिरायचं. मी भांडले, रडले, त्याचे पाय धरले. वाऱ्यापुढं त्याचंही काही चालेना.

अनोळखी खाडीत उतरले आणि माझा बांध फुटला. वाळूवर उभी राहून मी मोठ्यानं ओरडले, "बालाजी, मले काहून छळून राह्यला? जीव मुठीत धरून आली मी, अन् तुनं वाराच फिरवला?"

माशांची टोपली घेतलेली एक म्हातारी थबकली. जवळ येऊन म्हणाली, "बाय, असंच बोलणारा एक जण आमच्या पडवीत पडलाय."

धनीच होते ते! जरा बरं वाटताच देवगडहून पायी घराकडे निघाले आणि त्या गावात कोसळले. नात्याची ना गोत्याची, त्या कोळणीनं पेज भरवून त्यांचा जीव धरून ठेवला होता. त्यांनी डोळे उघडले. "तू? एवढ्या लांब काहून आली?"

"तुमाले घ्यायले," मी म्हणाले.

मी आधी त्या म्हातारीच्या पाया पडले. दिरांचा राग अजून पुरता गेलेला नाही, तोही देवानंच न्यावा. देवगडला ने म्हणून मी वाटभर बालाजीशी भांडले होते. त्यानं माझं ऐकलं असतं, तर रिकाम्या धक्क्यावरून मी कुंकू पुसून परतले असते. मागणं मी आजही मागते, भांडूनच मागते. पण वारा कुठून आणायचा, हे आता त्याला शिकवत नाही.