खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा आजही नाही. संगणकाच्या क्षेत्रात येण्यापूर्वी मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होते. अमुक विहिरीतून आवाज येतो, तमुक बंद घरात दिवे लागतात, अशा बातम्या वार्ताहर पाठवत आणि मी त्या बाजूला काढत असे. कोणी पाहिलं, कुठून पाहिलं, आणखी कोणी पाहिलं का – एवढं विचारलं की बातमी आपोआप मरायची. तेच प्रश्न मी पुढच्या प्रसंगालाही विचारून पाहिले. तो मेला नाही, म्हणून लिहिते आहे.

पुण्यात गल्लोगल्ली सॉफ्टवेअर कंपन्या निघत होत्या तेव्हाची गोष्ट. दैनिक सोडून मी कर्वेनगरमधल्या अशाच एका छोट्या कंपनीत टेक्निकल रायटर म्हणून लागले होते. इंजिनियर जे करतील ते टप्प्याटप्प्याने, कोणालाही समजेल असं लिहून ठेवणं हे माझं काम. आमची टीम लीड मनीषा वानखेडे. मूळची अमरावतीची, कामाला चोख. मी पेपरमधून आलेली म्हणून ती मला गमतीने ‘पत्रकार’ म्हणायची.

एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. त्यांच्या रक्तपेढीची सगळी माहिती – रुग्ण, रक्ताच्या पिशव्या, रक्तदाते – जुन्या इमारतीच्या तळघरातल्या एकाच जुनाट सर्व्हरवर होती. ती नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हलवायची होती. तिथे आम्ही तीन नवे सर्व्हर एकमेकांना जोडून क्लस्टर उभा केला होता, म्हणजे एक बंद पडला तरी उरलेले दोघे काम चालू ठेवतील. जोडणी झाली, चाचण्या झाल्या. राहिलं होतं ते जुन्या सर्व्हरवरून माहितीची कॉपी करणं.

त्यासाठी खंडेनवमीचा दिवस ठरला. ओपीडी बंद, ठरलेली ऑपरेशन्स नाहीत. कॉपी होईपर्यंत जुनी सिस्टीम सगळ्यांसाठी कुलूपबंद राहणार होती. रक्तपेढीच्या प्रमुखांची, डॉ. आपट्यांची, त्याला संमती होती. “अहो, एक दिवस स्मरणशक्तीवर चालवू,” ते म्हणाले. “तुमच्या कॉम्प्युटरच्या आधीही लोकांना रक्त मिळत होतं.”

सकाळी कॉपी सुरू झाली. तळघरातली खोली भोसलेकाकांच्या ताब्यात होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रुग्णालयाने त्यांना विजेच्या कामावर ठेवलं होतं. खोली बंद ठेवा आणि कोणालाही आत सोडू नका, असं मनीषाने त्यांना बजावलं. कॉपी सुरळीत चालली होती. पडद्यावर किती नोंदी आल्या त्याचा आकडा वाढत होता आणि मी तो अधूनमधून उतरवून घेत होते.

जेवणानंतर डॉ. आपटे स्वतः जिना चढून वर आले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. प्रसूती विभागात वैशाली नावाच्या बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचं रक्त ‘बॉम्बे’ गटाचं निघालं होतं. हा गट इतका दुर्मिळ, की ओ गटाचं रक्तसुद्धा अशा माणसाला चालत नाही. शहरातल्या इतर पेढ्यांना फोन करून झाले होते, कोणाकडेच पिशवी नव्हती. या गटाचा एक दाता आपल्या यादीत आहे, खडकीकडे कुठेतरी राहतो, एवढं डॉक्टरांना आठवत होतं. नाव आठवत नव्हतं.

मनीषाने नव्या क्लस्टरवर पाहिलं. कॉपी तक्त्यांच्या क्रमाने चालली होती आणि रक्तदात्यांचा तक्ता शेवटचा होता. तो नुकताच यायला लागला होता. आलेल्या नोंदींत हा दाता नव्हता. आदल्या रात्री सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवलेली टेप होती, पण ती लावून सगळं उभं करण्यात दिवस गेला असता. मग सोपा उपाय म्हणून तिने मला तळघरात पिटाळलं. जुन्या सर्व्हरच्या पडद्यावरच थेट शोधायचं, काय टाइप करायचं ते ती मोबाइलवर सांगणार होती.

जिन्यात वैशालीचा नवरा उभा होता. मी आतल्या खोलीतून आले एवढंच त्याने पाहिलं होतं. “मॅडम, नाव सापडलं का?” त्याने विचारलं. शोधतोय म्हटलं आणि खाली गेले.

काकांनी कुलूप काढलं. खोलीत झेंडूचा वास भरलेला होता. सर्व्हरला हार घातलेला, समोर हळद-कुंकू वाहिलेलं आणि एक नारळ. पडदा काळा. वायर गुंडाळून कपाटावर ठेवलेली, प्लग त्याच गुंडाळीत खोचलेला.

“काका, हे बंद कधी केलं?”

“सकाळीच. पूजेच्या आधी.” माझा चेहरा पाहून ते बावरले. “चालत्या मशिनला हळद-कुंकू लावत नसतात, ताई. कारखान्यात एकाचा हात गेलाय त्यात. आज बंद करायचं, उद्या दसऱ्याला नारळ फोडून चालू. तुमचं काम तर वरच्या नव्या मशिनवर चाललंय ना?”

जुनं मशिन दिवसभर चालू लागणार, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खोलीत कोणालाही सोडू नका, एवढंच सांगितलं होतं आणि ते त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

मी सर्व्हरवर हात ठेवला. गार होता. दिवसभर चाललेलं मशिन गार नसतं.

मनीषाला फोनवर सांगितलं, मशिन सकाळपासून बंद आहे, प्लग काढलेला आहे. ती म्हणाली, “पत्रकार, नीट बघ. दुसरं मशिन असेल.” दुसरं मशिन नव्हतं. “कारण इथे आकडा वाढतोय,” ती म्हणाली. “आत्ता, तू बोलत असताना.”

तळघराबाहेरच्या बोळात भिंतीवर नेटवर्कची पेटी होती. जुन्या सर्व्हरची केबल तिथे येऊन पुढे नव्या इमारतीकडे जायची. पलीकडचं मशिन चालू असेल तरच त्या केबलचा हिरवा दिवा लागतो. काकांनी केबल बोटाने धरून सर्व्हरपासून पेटीपर्यंत दाखवली. दिवा लुकलुकत होता. तो मी पाहिला, काकांनी पाहिला.

काका फार घाबरले होते. “माझ्यामुळे झालं, लावतो परत,” म्हणत त्यांनी वायर सोडवायला घेतली. मी फोनवर विचारलं. नियमाप्रमाणे उत्तर सरळ होतं, ते मीच आमच्या कागदपत्रांत लिहिलं होतं – माहिती कुठून येते याची शंका आली, तर कॉपी थांबवायची, जुनं मशिन तपासून चालू करायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. असं अचानक बंद केलेलं जुनं मशिन उठायलाच कितीतरी वेळ घेतं. वैशालीकडे तेवढा वेळ नव्हता.

“हात लावू नका,” मनीषा म्हणाली. “कोणीच कशाला हात लावू नका.”

काका वायर हातात धरून उभे राहिले. मी फोन कानाला लावून. पलीकडून मनीषाचा श्वास आणि डॉक्टरांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. एकदा आकडा अडला. मनीषा पुटपुटली, “ये नं… ये नं…” माझं लक्ष दिव्याकडे होतं. तोही स्थिर झाला होता. मग लुकलुकू लागला आणि त्याच वेळी ती म्हणाली, “चालू झालं.”

थोड्या वेळाने तिने एक नाव मोठ्याने वाचलं. पत्ता खडकीच्या क्वार्टर्सचा होता. डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोन लावला. तो गृहस्थ घरीच होता, सुट्टीचा दिवस. स्कूटरवरून आला. रीतीप्रमाणे रक्त जुळवून पाहिलं, जुळलं. संध्याकाळी वैशाली धोक्याबाहेर असल्याचं कळलं. मूल आधीपासूनच ठीक होतं. मुलगी.

कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश त्याआधीच आला होता. तेव्हा मी बोळातच होते. पेटीवरचा हिरवा दिवा विझला.

पुढे जे तपासता आलं ते आम्ही तपासलं. नेटवर्कवर जुन्या सर्व्हरचा जो पत्ता होता, त्यावर दुसरं कुठलंही मशिन नव्हतं. वाटेत एवढी माहिती साठून राहील अशी जागा नव्हती. काका खोटं बोलत असतील, ही शंकासुद्धा मी घेतली. पण सकाळी पूजेचा प्रसाद घेऊन गेलेल्या दोन नर्सेसनी मशिन बंद पाहिलं होतं. दसऱ्याला जुना सर्व्हर चालू केला, तर त्याच्या स्वतःच्या नोंदींत आदल्या सकाळी वीज गेल्यानंतर काहीही नव्हतं. त्यातली माहिती आणि क्लस्टरवर आलेली माहिती आम्ही ताडून पाहिली. काडीचा फरक नव्हता. डॉ. आपट्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मला पेशंटचं रक्त कुठून आलं ते माहीत आहे. तुमच्या आकड्यांचं तुम्ही बघा.”

आम्ही बघितलं. उत्तर मिळालं नाही. जाणकारांना विचारलं की ते आधी हसतात आणि नंतर काहीतरी मोजायचं राहिलं असेल म्हणतात. असेलही. काय राहिलं ते कोणी दाखवून दिलेलं नाही.

मनीषा आता एका मोठ्या कंपनीत नव्या इंजिनियर मुलामुलींना शिकवते. मध्यंतरी तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “दर बॅचला मी तेच सांगते, शंका आली की थांबवा. सांगताना दर वेळी वाटतं, यांच्यातल्या कोणीतरी थांबवलं तर… आणि कोणीतरी नाही थांबवलं तर?” मग तिने विचारलं, “तू सांग. काय शिकवू?”

मी विचार करून सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.