कॉइलखालचा रंग

नेकनूरच्या फाट्यावर आश्रुबा मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, पुढं चार पत्रे आणि मागं झोपायची खोली. बायको मुक्ताबाई जाऊन आठ वर्षं झाली. लेक लातूरला दिलेली. तिचा फोन आला, "बाबा, जेवलात का?" की हा "जेवलो" म्हणतो, चूल पेटलेली असो नसो. तोंडाचा मात्र महा फटकळ. गिऱ्हाइकानं आधी शिव्या खायच्या, मग गाडी दुरुस्त व्हायची. "वरीसभर तेल बदलायचं न्हाई आन् मिस्त्रीच्या नावानं बोंब मारायची, व्हय बे?" हे त्याचं स्वागत. तरी केजपासून माणसं त्याच्याकडंच येतात, कारण हाताला गुण आहे.

असल्या माणसाला मित्र एकच मिळाला, तो बंकट.

बंकट मिलिटरीत होता. तिथं त्यानं ट्रायलच्या गाड्या पाहिल्या. दगडधोंड्यांतून, खडकावरून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. वेगाचं काम नाही, तोलाचं काम. पेन्शन घेऊन गावी आला तो हे खूळ घेऊनच. दोघांनी मिळून एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली, तिची सीट काढून टाकली, मडगार्ड उंच उचलले, खडकाला धरतील असे खडबडीत टायर बसवले. सगळं गाव हसलं. "बंकट, बायकोला कुठं बसवणार बे?" बंकट म्हणायचा, "बायकोला यष्टी हाय."

रोज दिवस कलला की तो लिंबागणेशच्या वाटेवरच्या बोडक्या टेकडीवर गाडी चढवायचा. आश्रुबा खाली धोंड्यावर बसून ओरडायचा. त्याला स्वतःला ती गाडी धड चालवता येत नव्हती, पण कान सगळा तिच्यावर. "दुसरा टाक! दुसरा टाक की बे, जीव घेतो का तिचा?" बंकट दुसरा गिअर कायम उशिरा टाकायचा. वीस वर्षं शिव्या खाल्ल्या, पण सुधारला नाही. पाय टेकला तर चहा बंकटचा, नाही टेकला तर आश्रुबाचा. मग बंकटनं गॅरेजात येऊन तेलाच्या उपड्या डब्यावर बसायचं ते घरून निरोप येईपर्यंत उठायचं नाही.

गेल्या श्रावणात बंकट गेला. आदल्या दिवशी चहा पिऊन गेलेला माणूस, सकाळी उठलाच नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बंकटची बायको छबुबाई दारात आली. पाठीमागं दोन गडी गाडी ढकलत होते. "भावजी, आमच्यात यंदा सण न्हाई. तुमच्या हत्यारांसंगं हिलाबी पुजा. तेवढंच त्येंच्या जिवाला बरं वाटंल." दुःखाच्या घरात वर्षभर सण करत नाहीत, पण मित्राला कुठला आलाय तो नेम! आश्रुबानं पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर पोत्यावर मांडले आणि शेजारी गाडी उभी केली. नुसत्या हळदीकुंकवावर त्याचं मन भरेना. त्यानं रातोरात अख्खी गाडी खोलली. फ्रेम घासली. बंकटला आवडायचा तसला मिलिटरीचा हिरवा, झटपट वाळणारा रंग आणला आणि दोन हात मारले, वर तिसरा मारला. जोडताना बोल्ट आवळून नव्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ट्यूबचं रबर कापून बारक्या चकत्या केल्या आणि एकेका बोल्टाखाली घातल्या. लेकीच्या लग्नातही एवढी हौस केली नव्हती त्यानं.

पूजा झाली, नारळ फुटला, किक मारली. गाडी हूं का चूं करेना.

फाट्यावरच्या टपरीवर लगेच चर्चा. "मालकासंगं गेली बघा. मुक्या जनावरासारखं असतंय यंत्राचं बी." आश्रुबा खेकसला, "गप बसा बे! लोखंडाला कसलं आलंय सुतक?" पण आतून त्याला ते बोलणं गोड वाटलं. आपल्यासारखं आणखी कुणाला तरी बंकटचं दुःख आहे, ह्या विचारानं त्याला आधार आला. खरं सांगायचं तर त्यानं बिघाड मनापासून शोधलाच नाही. गाडी कोपऱ्यात उभी राहिली. संध्याकाळी तो उपड्या डब्यासमोर चहा घेऊन बसायचा आणि गाडीला दिवसभराचं सांगायचा. कोण आलं, कुणाला किती शिव्या दिल्या. वेड लागलं म्हणा हवं तर. घरात दुसरं ऐकणारं होतं कोण?

माघात एका बुधवारी बंकटच्या पोराचा, आदिनाथचा, पुण्याहून फोन आला. "काका, रविवारी येतो. इकडं डोंगरात ट्रायल चालवणारी पोरं हायत, मीबी शिकतोय. बाबांची गाडी चालू झाली तर बीडपर्यंत चालवत नेतो, तिथून टेम्पोत घालतो. न्हाई झाली तर तुमच्याकडंच राहू द्या. बंद गाडी नेऊन काय करू? तिला ओळखणारा मिस्त्री इकडं न्हाई."

म्हणजे बघा कसा पेच! गाडी चालू झाली की गेली. बंद राहिली तर आपली.

पण मिस्त्रीचा हात तो मिस्त्रीचा हात. फोनवर "बघतो" म्हणाला होता म्हणून गुरुवारी त्यानं टाकी उतरवली. प्लग काढला, तर पेट्रोलनं ओला. म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही. प्लग बदलला. पॉइंट घासले. कंडेन्सर नवा टाकला. प्लग इंजिनाला टेकवून किक मारली, काही नाही. मग प्लगला वीज पुरवणारी कॉइल काढली आणि टेबलावर बॅटरीच्या वायरी लावून तपासली. तडतड निळी ठिणगी! परत गाडीवर बसवली, परत ठणठण गोपाळ. टेबलावर जिवंत, गाडीवर मेलेली. "च्यायला, तूबी नाटकं करती का?" तो गाडीवर ओरडला आणि लगेच वरमला.

शुक्रवारी दुपारी वैतागून त्यानं कॉइलचे बोल्ट काढले आणि कॉइल तशीच वायरीला लोंबकळत ठेवली. ती इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकली होती. सहज म्हणून किक मारली. तड! प्लगवर ठिणगी. त्यानं कॉइल फ्रेमवर बसवली, तर ठिणगी गायब. काढून इंजिनाला टेकवली, तर हजर.

आश्रुबानं कॉइलच्या जागी फ्रेमवर बोट फिरवलं.

कॉइलला फ्रेमचं नागडं लोखंड लागतं, नाहीतर अर्थिंग मिळत नाही आणि ठिणगी पडत नाही. हे त्यानं आजवर शंभर जणांना शिव्या घालून सांगितलं असेल. आणि इथं कॉइलच्या पट्टीखाली रंगाचे तीन हात, वरून बोल्टाखाली रबराच्या चकत्या. मालकासंगं गेली म्हणे! कुठंही गेली नव्हती. ह्यानंच मायेनं रंगवून तिचा गळा दाबला होता. चार महिने आपल्यासोबत कुणी दुःख करतंय असं वाटलं होतं, ते कुणी नव्हतंच. एकटा हाच होता. त्याला रडू आलं ते ह्याचं.

मग चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यानं केलं. कॉइल होती तशी रंगावर बसवली, रबराच्या चकत्या घातल्या, बोल्ट आवळले आणि टाकी चढवली.

रविवारी सकाळी आदिनाथ आला. तीसेक किका मारल्या, घामाघूम झाला, आणि उपड्या डब्यावर बसला. बापाच्या जागेवर. त्याला कुठं ठाऊक! फ्रेमवरून हात फिरवत म्हणाला, "रंग लई मनापासून दिलाय, काका. मी एकदाबी टेकडीवर बघायला आलो न्हाई. बाबा फोनवर सांगायचे, आज पाय टेकला न्हाई म्हणून, अन् मी कामात असायचो. वाटलं व्हतं, त्येंची गाडी तरी चालवावी." त्यानं फ्रेमवरचा हात काढून घेतला. "जाऊ द्या. राहू द्या इथंच."

आश्रुबाला हवं होतं तेच तो बोलला होता. पण हे पोरगंही आपल्यासारखंच बंकटला शोधतंय, हे त्याला त्या डब्याकडं बघताना समजलं.

"दहाचा पाना दे इकडं," तो म्हणाला.

टाकी उतरली. कॉइल निघाली. त्यानं रबराच्या चकत्या खिशात घातल्या, पॉलिश पेपर घेतला आणि स्वतः दिलेला हिरवा रंग खरवडला, पार लोखंड चमकेपर्यंत. कॉइल बसवली. "मार किक."

दुसऱ्या किकेला गाडी पेटली. धुराचा लोट, पत्रे थरथरले. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. तोच आवाज.

आदिनाथनं लोखंडाच्या त्या चमकत्या तुकड्याकडं बघितलं, मग आश्रुबाकडं. "काका, हे कळलं कधी तुमाला?"

"परवा."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू चहाबी न पिता नेली असती."

आदिनाथनं गाडी बंद केली. दोघांनी चहा घेतला. जाताना पोरगं वाकून पाया पडलं. "काका, येत जाईन."

"आधी नीट जा," आश्रुबा खेकसला. "वाटंत प्लग बघ."

गाडी बीडच्या रस्त्याला लागली. आश्रुबा रस्त्याकडं पाठ करून पाने पुसत बसला, पण कान तिकडंच. पुढच्या चढाला इंजिन गुरगुरलं, घुसमटलं, अजून पहिल्यावरच. हुबेहूब बाप.

"दुसरा टाक!" तो मोठ्यानं ओरडला. "दुसरा टाक की बे!"

लांबवर गिअर बदलला, उशिरानं. मग आवाज चढापलीकडं गेला. आश्रुबा उठला, आणि सवयीनं दोन चहा सांगायला टपरीकडं निघाला.