अडेनियमला लू लागली तेव्हा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! एका झाडाला नागपूरची लू लागू नये म्हणून मी जे केलं ना, ते ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या तुळशीजवळसुद्धा उभं करणार नाही.

शेजारच्या वंदनाताई मे महिनाभर लेकीकडे पुण्याला निघाल्या. जाताना अडेनियमची कुंडी माझ्या हवाली केली. खाली रताळ्यासारखा फुगलेला बुंधा, वर मोजक्या फांद्या. बारा वर्षं बीपासून वाढवलेलं झाड हो!

"भाऊ, उनातच ठेवजा. पाणी आठ दिवसातून एक डाव, तेबी थोडंच."

मी मान डोलावली. पण पंचेचाळीस डिग्रीत आठ दिवसांनी पाणी? ही माया की दुश्मनी? मी कुंडी उचलली आणि थेट कूलरपुढे ठेवली. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी सुरू!

"आमी उकडून राहिलो अन् झाडाले कूलर? काहून जी?" बायको कडाडली.

"पाहुणा आहे वं तो!"

चौथ्या दिवशी पानं पिवळी. म्हटलं, लागलीच लू! लूवर उपाय काय? कांदा! अख्खा कांदा कुंडीत ठेवला आणि पाणी दुप्पट केलं. आठवड्यात पानं गळाली, बुंधा मऊ पडला. उपटून पाहिलं तर मुळं ओलीचिंब, काळी. कचरागाडीत टाकायचा धीर होईना, म्हणून गच्चीवर टाकीमागे नेऊन टाकलं.

त्यात ताईंचा फोन. "कसं हाय माह्यं झाड?"

"झकास!"

"कळ्या धरल्या का?"

"भरून आल्या, ताई!" जीभ का थांबत नाही हो अशा वेळी?

"मंग फोटो टाका नं!"

झालं! त्या दिवसापासून माझ्या फोनचा कॅमेरा बिघडला.

ताई परतायच्या त्याच सकाळी बायको कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली आणि वरूनच ओरडली, "अवो, लवकर वर या!"

मी अनवाणीच धावलो. आणि काय सांगू! कुंडी नाही, माती नाही, पाण्याचा थेंब नाही. तापलेल्या सिमेंटवर ते आडवं पडलेलं, मुळं उघडी, अंगावर एक पान नाही. आणि फांदीफांदीच्या टोकाला गुलाबी फुलं! नुसती फुलं! पाय भाजत होते, पण हलवेना. शेवटी मी त्या झाडाला चक्क हात जोडले.

ताई आल्या. मी कूलर, कांदा, टाकी, कॅमेरा, सगळं कबूल केलं. त्या आधी फुलांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"भाऊ, दिवाळीत मी पुन्हा पुण्याले चालली. झाड तुमच्याचकडं राहीन."

मला भरून आलं. एवढं होऊनही एवढा विश्वास!

"पण येक करजा," ताई म्हणाल्या, "यावेळेस सांभाळू नका. पहिल्याच दिवशी फेकून देजा!"