मावशींचे दोन तास

पाटीवर नाव डॉक्टरीणबाईंचं असलं, तरी आमच्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात शेवटचा शब्द आयाचं काम करणाऱ्या मावशींचा. गर्भाच्या पिशवीत गर्भ सोडून झाला की बाईला पलंगावर घ्यायचं काम त्यांचं. मग हुकूम सुटायचा, "दोन तास उताणं. हसायचं नाही, शिंकायचं नाही, कूस बदलायची नाही." एका शिक्षिकेला शिंक आली, तर मावशींनी तिचं नाक असं दाबलं की बिचारीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी शेजारच्या प्रयोगशाळेत. एरवी बाईच्या पोटातल्या गर्भनलिकेत स्त्रीबीज आणि शुक्राणू भेटतात, एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. शरीर हे आत अंधारात करतं, मी ते काचेच्या बशीत करते. पाचव्या दिवशी शंभरेक पेशींचा गोळा होतो, तो डॉक्टरीणबाईंच्या हाती द्यायचा. डबा एकत्र खात असलो, तरी मावशींचा आणि माझा छत्तीसचा आकडा. कमालीची हेकट बाई, असं मी उघड म्हणायचे.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आडवं पडून काही फायदा नसतो. यापुढे बायकांना लगेच उठू द्या." मावशींनी सरळ दारात स्टूल टाकलं. "माझ्या डोळ्यांदेखत कुणी उठणार नाही." शेवटी त्यांना समजवायचं माझ्या गळ्यात पडलं. पालथ्या घड्यावर पाणी, हे ठाऊक असूनही मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

"मावशी, गर्भाची पिशवी फुग्यासारखी फुगलेली, पोकळ नसते. तिच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. दोन तळवे जोडा. मध्ये तीळ असला तर चालताना पडेल?"

त्यांनी खरंच तळवे जोडले. "नाही."

"गर्भ तिळाहूनही लहान. आल्या आल्या तो चिकटतही नाही. एक-दोन दिवस तसाच असतो, मग आपलं कवच फोडून बाहेर येतो, अस्तराला टेकतो आणि हळूहळू स्वतःला त्यात पुरून घेतो."

"आणि रुजून मग गेला तर? पाळी चुकल्यावर?"

"इतक्या लवकर गेला, तर बहुतेक वेळा त्याच्या घडणीतच काही चुकलेलं असतं. अगदी पहिल्या दिवसापासून."

"वजन उचलल्यानं नाही?"

मी हसले. "अहो, बादल्या उचलून गर्भ पडले असते तर जगात माणसं उरली असती का?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांचे तळवे अजून जोडलेलेच होते.

"बादलीच होती," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांची होते. पाळी बारा दिवस चुकली होती. पाण्याची बादली घेऊन तीन जिने चढले आणि संध्याकाळी सगळं गेलं. सासू म्हणाली, तूच मारलंस. नवरा काही बोलला नाही. पण तसं नाही, असंही म्हणाला नाही. पुन्हा दिवस राहिलेच नाहीत मला."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"एकोणचाळीस वर्षं झाली. रोज सकाळी अंघोळीची बादली भरताना मी त्या पोराची माफी मागते."

"तुमची चूक नव्हती, मावशी." मला वाटलं त्या रडतील, मग त्यांना हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तळवे सोडवून त्या माझ्याकडे वळल्या.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"शिकत होते तेव्हापासून."

"म्हणजे इथं आलात तेव्हा माहीत होतं."

"हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गर्भ लवकर गेला तर चूक बाईची नसते, हे मी येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला चित्र काढून समजावते. या बाईला विचारलंसुद्धा नव्हतं, की तुम्ही एवढ्या कशाला घाबरता.

"अकरा वर्षं आपण या बाकावर डबा खातो," मावशी म्हणाल्या. "एकदा सांगायचंत."