चांगल्या बियाला चांगलं रान

अन्याय दोघींवर झाला. माझ्यावर, आणि मला हसलेल्या एका पोरीवर. कृषी पदव्युत्तरच्या पहिल्या सत्रात, संख्याशास्त्राच्या दुसऱ्याच तासाला, भर वर्गात.

सरांनी फळ्यावर शेत काढलं. ज्वारीचे वाण पारखायला कुठं कुठं पेरायचे ते मांड, मला उठवून म्हणाले. मी मांडलं. सगळ्यात चांगला वाण काळ्या रानात, बाकीचे मुरमाकडं. ताडकळसला आमच्या घरी असंच पेरतात. चांगलं बी मुरमाड रानात कोण घालवतं?

"ताई, प्रयोग मांडायलीस का लाडक्या लेकीला चांगलं घर बघायलीस?" सर म्हणाले.

वर्गात हशा फुटला. सगळ्यात मोठ्यानं हसली ती माझ्या मागच्या बाकावरची.

कोणता वाण कुठं पडायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, नाहीतर रानाचं श्रेय बियाला जातं. सरांना एवढंच सांगायचं होतं. सांगितलं नाही. ते मला पुढं एकटीनं, पुस्तकात डोकं घालून कळलं. तोवर आकड्यांचा तक्ता दिसला की मी वही मिटून ठेवायला लागले होते. मेसमध्ये मी कोपऱ्यात जेवायची. आई फोनवर विचारायची, "आभ्यास कसा चाललाय गं?" मी म्हणायची, "लय भारी." फोन ठेवला की खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरायचा.

परीक्षेआधी शिक्षण सोडून घरी निघाले. परभणीच्या स्टँडवर बाकावर तीच मागची पोरगी, बॅग घेऊन.

"तू बी?" ती म्हणाली.

"तुला काय झालं? तुला तर सगळं येतंय."

"काय येतंय डोंबल! त्या चिठ्ठ्या कशाला टाकायच्या तेच मला आजून कळंना."

"मग हसलीस कशाला?"

"न्हाई हसले असते तर सरांनी मला उठवून विचारलं असतं की."

मी तिथंच तिला चिठ्ठ्यांचं समजावलं. तिला कळलं. "इतकंच व्हय?" म्हणाली. तेवढ्यात तिची गाडी लागली. मी थांब म्हणाले. ती हसली, वर्गात हसली होती तशीच मोठ्यानं, आणि चढली.

तिला समजावता आलं म्हणजे मला येतंय, हे कळून मी होस्टेलवर परत आले. परीक्षेला माझ्या मागचा बाक रिकामा होता. पास झाले, पण मागं वळून सांगायला कुणी नव्हतं.

अख्खा वर्ग घाबरलेला, आणि जो तो एकटा. तुम्ही अशा वर्गात बसत असाल, तर उद्या कुणाला हसू नका. हात वर करा आणि मोठ्यानं म्हणा, "सर, मला कळलं नाही." दुसरं कुणी म्हणायची वाट बघू नका.