नवसाबाईंची झुलती बाग

नवसाबाईंचा मळा प्लॉटमध्ये गेला आणि त्यांच्या महेशने सातपूरला आमच्या शेजारी स्लॅबचं घर बांधलं. घर ऐसपैस, पण मातीचा वाफा म्हणून नाही. बाईंचे हात नुसते शिवशिवायचे. शेवटी त्यांनी दसऱ्याच्या झेंडूसाठी चक्क गच्चीवर माती चढवली.

महेशने बजावलं, "आई, खाली एक थेंब जरी गळला ना, सगळी माती फेकून देईन!"

दुपारी गच्चीवर बसून मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. एकदा बातमी होती बाबिलोनच्या झुलत्या बागेची. डोंगराच्या आठवणीने झुरणाऱ्या राणीसाठी राजाने गच्च्यांवर बाग फुलवली होती म्हणे. संशोधक वर्षानुवर्षं खणताहेत, पण बाग काही सापडत नाही.

"सापडंल कशी?" बाई म्हणाल्या. "गळली आसंल. पोरानं काढून टाकली आसंल."

मी हसून हसून पेपरच खाली ठेवला.

"राजाला बायकूची येवढी माया, आन् आमच्या म्हेशाला स्लॅबची!"

"मग थोडं थोडं मगाने घाला ना पाणी," मी म्हटलं.

"झेंडू काय पाव्हना हाय, मगानं पाजायला?"

त्यांनी टाकीला नळी जोडली, पदर खोचला आणि मळ्यातल्यासारखं पाटाने पाणी सोडलं. शेवटचा वाफा भरल्याशिवाय पाणी तोडायचं नाही, हा मळ्याचा नेम. आणि शेवटचा वाफा नेमका महेशच्या कॉटच्या वर! रात्रपाळी करून तो खाली झोपलेला.

थोड्याच वेळात ओल्या डोक्याचा महेश फावडं घेऊन धडधडत वर आला. बाई हात पसरून वाफ्यांपुढे उभ्या.

"आधी मला फेक खाली!"

महेशने चिखलात पाय टाकला, फावडं उगारलं आणि थबकला. पाट एका बाजूला फुटून पाणी वाया चाललं होतं. त्याने खसकन माती ओढून बांध घातला.

"आई, इथे फुटलंय! लक्ष कुठंय तुझं?"

"आरं मग पल्याडचा वाफा फोड ना, बघतो काय!"

खालून सून मनीषा ओरडत होती, "अहो, गादी भिजली!" पण ऐकतंय कोण? मायलेक गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून, एकमेकांवर खेकसत पाणी वळवत होते.

शेवटचा वाफा भरल्यावरच महेशने नळी बंद केली.

"रविवारी माती बाजूला सारून खाली डांबर मारतो," तो गुरगुरला. "आणि यापुढे पाणी मी भरणार. तुला पाट धरता येत नाही."

बाईंनी चिखलाचाच हात माझ्या खांद्यावर मारला.

"ताई, कळवा त्या खननाऱ्यांना. म्हनावं, सातपुरात हाय!"